बर्फ नव्हता, खारही नव्हती

अहो, इकडे या. असे जिन्यात उभे राहू नका, इथं माझ्यासमोर बसा. पायांत मोजे नाहीत ना, वाटलंच मला. बेसमेंटची फरशी गार असते, मोजे घालून खाली जावं, हे सांगता सांगता माझे केस पांढरे झाले. आता तुम्हाला गार काय नि गरम काय, पण बेचाळीस वर्षांची बोलायची सवय पाच आठवड्यांत कुठं जाते. बसा. आज मधे बोलायचं नाही. "मुद्द्यावर ये" असं तर मुळीच म्हणायचं नाही. मुद्द्यावर यायचं म्हणूनच बसवलंय तुम्हाला, पण येईन ती माझ्या वाटेनं येईन.

मुद्दा हा, की त्या दिवशी घर गरम ठेवणारी आपली फर्नेस का पेटत नव्हती, ते मला ठाऊक होतं. तुम्ही सकाळी साडेनवापासून तिच्यापुढे स्टूल टाकून बसला होतात, जेवायला तेवढे वर आलात, पुन्हा खाली गेलात, आणि मला ठाऊक होतं.

हे लिहायला का घेतलं तेही सांगते. इथल्या मराठी मंडळाचा वार्षिक अंक निघतोय. नलिनीवहिनींचा फोन आला, "तुम्ही दोन पानं लिहून द्या हो त्यांच्यावर. तुम्ही बोलता छान, बोलता तसंच लिहा. आणि तो खारीचा प्रसंग नक्की घाला, वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येईल." खारीचा प्रसंग म्हणजे असा: बाहेरच्या पाइपात खारीनं चिंध्यांचं घरटं केलं, त्यानं फर्नेस बंद पडली, आणि ती दुरुस्त करता करता गारठ्यात तुमचं हृदय थांबलं. आपल्या ओळखीतल्या सगळ्या ब्रॅम्पटनला हे पाठ आहे. भेटायला येणारं प्रत्येक माणूस माझा हात हातात घेऊन म्हणतं, "एवढ्याशा खारीनं घात केला." मी मान हलवते.

खार नव्हती. तो बोळा मी कोंबला होता.

झालं, लिहिलं. एकदा हे लिहून टाकलं की पुढचं सोपं जाईल असं वाटलं होतं. तसं काही झालेलं दिसत नाही.

एटोबिकोच्या आपल्या पहिल्या घरातली फर्नेस आठवते तुम्हाला? मला येऊन महिना झाला होता. तिच्या पोटात एक बारीक निळी ज्योत कायम तेवायची. एकदा ती विझली, तर तुम्ही मला खाली घेऊन गेलात. म्हणालात, "मी प्लांटवर असताना विझली तर गारठून मरशील, शिकून घे." लांब काडी माझ्या हातात दिलीत, माझा हात तुमच्या हातात धरलात, दुसऱ्या हातानं ते बटण दाबून धरायला लावलंत आणि साठपर्यंत मोजायला सांगितलंत. मी मराठीत मोजले, तुम्ही इंग्रजीत. दोघांचे साठ काही एकदम झाले नाहीत, तर त्यावरच किती वेळ हसत बसलो होतो. सातवी शिकलेली बायको आणि बॉयलरवरचा इंजिनिअर नवरा. त्या दिवशी तुम्ही सगळं सांगितलंत मला, गॅस कुठून येतो, धूर कुठून जातो, वास आला तर काय करायचं. आणि मला कळलं होतं. पुढं दर खंडेनवमीला तुमच्या पान्या-पकडींची पूजा झाली की मी फर्नेसलाही कुंकू लावायची. तुम्ही म्हणायचात, "लाव, पण बाहेरून लाव."

मग ते सांगणं कधी बंद झालं, ते मला नेमकं सांगता येत नाही. आपला समीर शाळेत जायला लागला, तुम्ही प्लांटवर मोठे साहेब झालात, घरी येणारी माणसंही मोठी झाली. काही विचारलं की तुम्ही म्हणायला लागलात, "तुला सांगून काय उपयोग." आधी हसून म्हणायचात, मग न हसता. मी इंग्रजी शिकले ती ग्रोसरीच्या फ्लायरांवरून आणि दुपारच्या टीव्हीवरून. गाडी शिकले समीरकडून. लिहायचा सराव केला तो तुमच्या जुन्या डायऱ्यांच्या कोऱ्या पानांवर, तेही तुम्ही टाकून दिलेल्या. तुमच्याकडून शिकले ती एकच गोष्ट, काडी लावायची. आणि नव्या फर्नेसला काडी लागतच नाही.

नवीला तेवता दिवा नाही. आधी एक लहान पंखा घुर्र करतो, मग आत निखाऱ्यासारखं काहीतरी लाल होतं, मग ज्योत धरते. चिमणी नाही. घराच्या बाजूच्या भिंतीतून मूठ जाईल एवढे दोन पांढरे पाइप बाहेर काढलेत. एकातून वाफ निघते, ते मला समजत होतं. दुसऱ्यातून काहीच निघत नाही. मी एकदा त्याच्या तोंडाशी हात धरून पाहिला, तर तो हवा आत ओढत होता. बाहेर उणे वीस, आणि हा पठ्ठ्या ती थंडी घरात घेतोय.

आमच्या कोकणात भिंतीला भोक दिसलं की आधी बोळा, मग बाकीची कामं. आई म्हणायची, भोक तिथं साप. पाऊस लागायच्या आत आम्ही बहिणी जुन्या लुगड्यांचे बोळे वळून घरभर फिरायचो. बोळ्याला दोरा गुंडाळायचा, पाण्यात बुडवून पिळायचा आणि काठीनं सारायचा, ओला बोळा घट्ट बसतो. इथं येऊनही मी तेच करत आले. खिडक्यांच्या फटी, दाराखालची फट, गराजमधलं ते उंदराचं भोक. तुम्हीच कौतुकानं सांगायचात, आमच्या घरात वारा परवानगी घेऊन येतो म्हणून. तेव्हा मी तुम्हाला नीट विचारलं होतं, "अहो, त्या पाइपातून थंडी आत येते, त्याला काही लावायचं का?"

हसलात नुसते. उत्तर दिलंत ते संक्रांतीला.

या वर्षी मंडळाचं तिळगूळ आपल्याच घरी होतं. मी कॉफीचा ट्रे घेऊन किचनमधून येत होते. तुम्ही सोफ्यावर, भोवती सगळे. तुमचा आवाज रंगात आलेला. "आमच्या हिचं संशोधन ऐका. म्हणे फर्नेस घरात थंडी आणते. पाइपाला स्वेटर घालू या."

मी स्वेटर म्हणाले नव्हते.

तीस माणसं हसली. कुणीतरी म्हणालं, "वहिनी, कानटोपी पण विणा, पाइपाला दडे बसतील." नलिनीवहिनींच्या यजमानांनी तर चष्मा काढून डोळे पुसले. मीही हसले, हातात ट्रे होता, दुसरं काय करणार. मग तुम्ही म्हणालात, "चाळीस वर्षं कॅनडात काढली, पण घर गरम कसं होतं ते हिला अजून कळलेलं नाही. पोळ्या गरम करते, तेवढं पुष्कळ." पुन्हा हसले सगळे. त्या तीसांतल्या एकानंही विचारलं नाही, की बुवा, मग तो दुसरा पाइप असतो तरी कशाला. निम्म्यांना माहीत नव्हतं, मी पैज लावते. सगळ्यांच्या तोंडात माझ्या हातचा लाडू होता.

त्यानंतर चार दिवसांनी थंडी आणखी वाढली. सकाळी तुम्ही आंघोळीला गेलात तशी मी बेसमेंटमधल्या तुमच्या चिंध्यांच्या डब्यातून माझ्या जांभळ्या साडीचा तुकडा काढला. फर्नेस पुसायला सुतीच कापड लागतं म्हणून तुम्हीच मागून घेतली होतीत ती साडी. बोळा वळला, दोरा गुंडाळला, नळाखाली धरून पिळला, बाहेर जाऊन पाइपात घातला आणि झाडूच्या दांड्यानं आत सारला. हात धरून पाहिला, हवा ओढायची बंद झाली होती. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, थंडी अडली म्हणून नाही बरं वाटलं. तुम्हाला न विचारता केलं, म्हणून.

तुमचा चहा होईतो घर गार पडायला लागलं होतं.

तुम्ही खूश झालात, हे कुणाला सांगितलं तर पटणार नाही. निवृत्त झाल्यापासून तुमच्या वाट्याला असं काही बिघडलेलं फार थोडं यायचं. टॉर्च घेतलात, पान्यांची पेटी घेतलीत, "बघू या बाईसाहेबांचा काय रुसवा आहे" म्हणत खाली गेलात. बिनमोज्यांचे. मी जिन्याच्या वरच्या पायरीवर. थर्मोस्टॅटचे सेल बदललेत. फिल्टर काढून उजेडात धरलात. ज्योत लागली की नाही ते ओळखणारी आतली सळई काढून माझ्या भांड्यांच्या तारेच्या घासणीनं घासलीत. पाणी वाहून जायची नळी सोडवून फुंकायला गेलात, तर ते पाणी तुमच्याच तोंडावर आलं आणि तुम्ही प्लांटवरची शिवी दिलीत. मला हसू आलं होतं. दर वेळी स्विच लावला की तो लहान पंखा घुर्र करायचा, निखाऱ्याची वेळ व्हायची, आणि निखारा यायचाच नाही. मग झाकणाच्या भिंगातला लाल दिवा लुकलुकायचा आणि तुम्ही मोठ्यानं मोजायचात, एक, दोन, तीन. थोडं थांबून पुन्हा, एक, दोन, तीन.

तीन म्हणजे काय, ते झाकणाच्या आत चिकटवलेल्या कागदावर होतं. तुम्ही ते वाचलंत आणि हाक मारलीत.

"काय गं, बाहेरचे पाइप बघून ये बरं. तीन म्हणजे हवा अडली आहे. तोंडावर बर्फ साचला असेल."

"तुम्हीच बघा की."

"पायऱ्या निसरड्या झाल्यात. माझा गुडघा विसरलीस वाटतं."

मी कोट घालून गेले. हवा अडली, हे शब्द ऐकले तेव्हाच मला कळलं होतं. पाइपापाशी जाऊन वाकून पाहिलं. बोळा गोठून दगड झाला होता. बोट घालून ओढला तर जांभळ्या काठाचा एक धागा हातात आला, तेवढाच. पकडीनं ओढला असता तर निघाला असता. पकड तुमच्या पेटीत, पेटी तुमच्या पायाशी.

मी तिथं उभी राहिले. मनात काय आलं ते जसंच्या तसं लिहिते. आलं असं, की आत जाऊन सांगितलं तर हे पकड घेऊन येतील, बोळा काढतील, फर्नेस पेटेल, आणि पाडव्याला, गणपतीला, पुढच्या संक्रांतीला, मरेपर्यंत ही गोष्ट सांगतील. स्वेटरच्या जागी बोळा. "मरेपर्यंत" हाच शब्द आला होता. मी आत आले, बूट काढले, जिन्यातून खाली वाकून म्हणाले, "बर्फ नाही."

तेवढं खरंच होतं. बर्फ नव्हता.

तुम्ही "बरं" म्हणालात. दुसऱ्यांदा विचारलंसुद्धा नाहीत. माझ्या अकलेवर तुमचा भरवसा नव्हता, पण डोळ्यांवर होता. मी मीठ संपलं म्हटलं की तुम्ही बरणी न बघता मीठ आणायला जायचात. पाइप मोकळे आहेत असं तुम्ही डोक्यात पक्कं केलंत आणि चूक बाकी सगळीकडे शोधत राहिलात.

मग मला टॉर्च धरायला बोलावलंत. "नीट धर. हात का हलतोय?"

"थंडी वाजतेय."

"मग स्वेटर घाल."

तुम्ही साधंच म्हणाला होतात, मला आज कळतं. तेव्हा तो शब्द कानात गेला आणि ओठांवर आलेलं मी परत गिळलं. नंतर एकदा म्हटलं, "माणूस बोलवू या का फर्नेसवाला?"

"मग मी कोण आहे?"

"तुम्ही स्टेंट घातलेले आहात. डॉक्टरांनी थंडीत दमायचं नाही म्हणून सांगितलंय."

"डॉक्टरला फर्नेस कळते का?"

हे मी तुमच्या काळजीनं म्हटलं, की माणूस येऊन बोळा काढील आणि मला तोंड उघडावं लागणार नाही म्हणून म्हटलं, ते मला आजही ठरवता येत नाही. दोन्ही असेल. तुम्ही मला विचारलंत तर काळजीनं म्हटलं असंच सांगेन.

जेवायला तुम्ही वर आलात ते कानटोपी घालून. मी ओव्हन लावून त्याचं दार उघडं टाकलं होतं. आपण दोघं कोट घालून पिठलं-भात जेवत होतो, आणि तुमची नखं निळसर दिसत होती. तुम्ही म्हणालात, "सापडेल. जाते कुठं." मग ताटाकडे बघत म्हणालात, "त्या दिवशी जरा जास्तच झालं."

"कोणत्या दिवशी?" मला माहीत होतं.

"संक्रांतीला. तू विचारलंस ते काही वेडगळ नव्हतं. आगीला श्वास घ्यायला हवा लागते, ती ही बाहेरून घेते. संध्याकाळी दाखवतो तुला तो पाइप, खाली नेऊन."

बेचाळीस वर्षांत तुम्ही माझी माफी एवढी जवळ येऊन कधी मागितली नव्हती. आणि मी काय केलं? माझ्या हातात भाताचा डाव होता. मनात आलं, हसलात तीस जणांत आणि माफी दोघांत होय? मी म्हटलं, "भात घ्या, गार होतोय." तुम्ही भात घेतलात. पिठलं पुन्हा मागितलंत, मी वाढलं. लसूण जास्त झालाय म्हणालात आणि तरी खाल्लंत. सांगायला मला दहा मिनिटं होती. मी ठरवलं, संध्याकाळी पाइप दाखवतील तेव्हा सांगू. तोवर शोधू देत आणखी तासभर. होय, असंच म्हटलं मी मनात. शोधू देत.

तुम्ही खाली गेलात. मी किटलीत पाणी तापवून भांडी घासायला घेतली. पंखा घुर्र झालेला ऐकला. तुमचा आवाज ऐकला, एक, दोन. मग मी नळ सोडला. तीन म्हणालात की नाही, ते मला माहीत नाही. पाच आठवडे मी तेवढंच आठवून बघतेय.

चहा टाकला आणि हाक मारली. दुसऱ्यांदा मारली. खाली आले तर तुम्ही स्टुलावरून कलंडून फर्नेसला टेकला होतात, टॉर्च चालू, मांडीवर माझी घासणी. चेहऱ्यावर त्रास नव्हता. आता पुढचं काय तपासावं असा विचारातला चेहरा होता. मी तुमच्या पायांत मोजे घातले. आधी मोजे घातले आणि मग फोन केला. अँब्युलन्सबरोबर आलेली बाई तुमच्यापाशी वाकून उठली आणि म्हणाली, "इट्स सो कोल्ड इन हियर." मला वाटलं तिला कळलं सगळं. ती फक्त थंडीबद्दल बोलत होती.

दुसऱ्या दिवशी समीर हॅलिफॅक्सहून आला आणि त्यानं फर्नेसवाला बोलावला. एक वयस्क सरदारजी, आपल्या ब्रॅम्पटनचेच. दिवाणखान्यातला तुमचा हार घातलेला फोटो बघून त्यांनी हात जोडले आणि खाली गेले. दिवा पाहिला, आतला एक पाइप सोडवला, आणि फर्नेस पेटली. अशी भक्कन पेटली, की जिन्यात मला ऐकू आलं. ते समीरला म्हणाले, "अंकलजी ने बाहर का पाइप नहीं देखा?"

समीर म्हणाला, "मॉम ने देखा था. शी सेड नो स्नो."

ते पकड घेऊन बाहेर गेले. परत आले तेव्हा पकडीत बोळा होता. दोऱ्यासकट. सगळं मिळून सात मिनिटं झाली होती.

"आंटीजी, ये किसने डाला?"

"पता नहीं. गिलहरी होगी."

त्यांनी तो उलटापालटा करून पाहिला. जांभळा काठ, त्यावर गुंडाळलेला दोरा, दोऱ्याची गाठ. "गिलहरी," ते म्हणाले, "धागा बाँध के." समीरला त्यांचं हिंदी तेवढं पोचलं नाही. सरदारजींनी माझ्याकडे पाहिलं, मग खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली, बोळा तिच्यात घातला आणि कचऱ्यात न टाकता माझ्या हातात दिला. "ठीक है जी. गिलहरी." झाकण लावताना खंडेनवमीच्या कुंकवाला त्यांनी बोट लागू दिलं नाही. जाताना मला पाठमोरेच "सत श्री अकाल" म्हणाले. समीरला तोंडभरून म्हणाले.

बोळा माझ्या कपाटात आहे. वाळलाय आता.

दहाव्याला समीरनं मागच्या अंगणात रिसायकलिंगचा निळा डबा उपडा घालून त्यावर पिंड ठेवला. मी मनाची तयारी करून उभी होते, की कावळा शिवणार नाही. दुपार होईल, माणसं हातांवर फुंकर मारत उभी राहतील, गुरुजी विचारतील यांची काय इच्छा राहिलीय, आणि मग मला सगळ्यांदेखत बोलावं लागेल. दोन मिनिटांत कुंपणावरून कावळा आला आणि शिवून गेला. गुरुजी म्हणाले, "समाधानी आत्मा हो. काही मागं ठेवलं नाही." तुमच्यावर इतका राग मला संक्रांतीलाही आला नव्हता. संध्याकाळी पाइप दाखवायचा राहिला होता ना? दिलेला शब्द होता. इतके कसे मोकळे झालात?

खारीची गोष्ट मी पसरवली नाही, तिला पाय फुटले. समीरनं आलेल्यांना सांगितली, आलेल्यांनी न आलेल्यांना. समीरनं पाइपाच्या तोंडाला जाळी बसवली, खार पुन्हा येऊ नये म्हणून. डॉक्टरांनी सांगितलं, हे कधीही झालं असतं, आणि समीर मला ते वाक्य रोज फोनवर औषधासारखं द्यायचा. असेल. झालंही असतं कधीतरी. पण ते तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवून बसलेले असताना झालं.

मागच्या रविवारी मी समीरला खरं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आई, तू हे कोणाला सांगितलं?"

"कोणाला नाही. अंकात लिहितेय."

"डोन्ट. प्लीज. लेट इट बी द स्क्विरल."

"स्क्विरलनं काय केलंय रे?"

त्यानं फोन ठेवला. आज गुरुवार. रोज सात वाजता वाजणारा फोन वाजलेला नाही. मुलाच्या मनात वडील गेले ते खारीपायी, असं राहू दिलं असतं तर आई तरी राहिली असती त्याला. हे मला लिहायच्या आधीही समजत होतं. सातवी शिकले असले तरी एवढं समजतं.

तरी लिहिलं. कारण पिठलं वाढताना मी मनाशी ठरवलं होतं, की चारचौघांत केलेल्याची माफी चारचौघांतच मागायची असते. तुम्हाला तो नियम लावला आणि त्यात तुम्ही गेलात. मग मलाही तोच. तुमच्यावर विश्वास ठेवणारी, तुम्हाला मोठं मानणारी तीस माणसं हे वाचतील. नलिनीवहिनी, खारीचा प्रसंग मागितलात, हा घ्या. छापायचं नसेल तर परत पाठवू नका, फाडून टाका, पण आधी सगळ्यांना वाचून दाखवा.

आणि तुम्हाला आणखी एक सांगायचंय. त्या झाकणाच्या आतला कागद मी डिक्शनरी घेऊन पूर्ण वाचला. तीन दिवस लागले. एकदा लुकलुकला तर काय, दोनदा तर काय, सगळं पाठ आहे. फिल्टर बदलते. जाळीवरचा बर्फ रोज ब्रशनं काढते. पंखा घुर्र झाला की जिन्यात बसून मोजते, निखारा यायला किती लागतात ते. मराठीत मोजते. तुम्ही शिकवलंत तेव्हा मला कळत होतं हो. पुढंही कळलं असतं. एटोबिकोतला तो हात आठवला की मी तुम्हाला सगळं माफ करून टाकते, आणि मग ट्रे आठवतो, मग तुमची निळी नखं आठवतात, आणि कुणी कुणाला काय माफ करायचं तेच कळेनासं होतं.

अंक निघाला की या घरी फारसं कुणी येईल असं वाटत नाही. तेव्हा तुम्ही या. बाजूचं दार मी किंचित उघडं ठेवत जाईन. हो, बाहेर उणे अठरा आहे, सगळी ऊब त्या फटीतून बाहेर जाईल, फर्नेस दिवसभर घुरघुरत राहील आणि तुम्हाला ते बघवणार नाही, मला माहीत आहे. त्या फटीला मी बोळा लावणार नाही. ओरडायला म्हणून का होईना, या. जमेल तितक्या लवकर या, आणि मोजे घालून या.